चुंबकीय गाभ्याची रचना आणि कन्व्हर्टरची कार्यक्षमता: 48 ते 12 व्होल्टच्या बक इंडक्टरची आखणी

विद्युत दुचाकीमध्ये 48 व्होल्टच्या बॅटरीवरून दिवे, हॉर्न आणि मीटर चालवण्यासाठी 12 व्होल्टचा पुरवठा तयार करावा लागतो आणि हे काम एक छोटा बक कन्व्हर्टर, म्हणजे व्होल्टेज खाली उतरवणारे स्विचिंग सर्किट, करतो. अशा कन्व्हर्टरचे उत्पादन 120 वॅट आणि कार्यक्षमता 96 टक्के धरली, तर आत एकूण 5 वॅटची उष्णता तयार होते. त्यातला एक वॅट इंडक्टरमध्ये, म्हणजे चुंबकीय गाभ्यावर गुंडाळलेल्या तारेच्या वेटोळ्यात, जात असेल, तर पाचवा हिस्सा एकाच घटकात गेला. मॉसफेट (स्विचचे काम करणारा ट्रान्झिस्टर) आणि कंट्रोलर निवडण्यासाठी आपण कितीतरी डेटाशीट चाळतो. पण इंडक्टर मात्र बाजारात मिळेल तो तयार उचलून बसवतो. वस्तुतः संपूर्ण सर्किटमध्ये हाच एक भाग असा आहे की ज्याचा आकार, वेढे, गाभ्यातली हवेची फट आणि तार हे सर्व आपल्या हातात असते. म्हणून या लेखात 48 व्होल्टवरून 12 व्होल्ट, 10 अँपिअर आणि 100 किलोहर्ट्झ हे एकच उदाहरण घेऊन गाभ्याची आखणी पहिल्या आकड्यापासून चाचणीपर्यंत करू.

आकडेमोडीला हात घालण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर स्वतःला द्यावे: आपला गाभा कोणत्या मर्यादेला आधी जाऊन टेकणार आहे, सॅच्युरेशनच्या (गाभ्यात आणखी चुंबकीय फ्लक्स मावेनासा होण्याच्या) की गाभ्यातील हानीच्या? ट्रान्सफॉर्मरमध्ये फ्लक्स दोन्ही दिशांनी पूर्ण झोका घेतो, त्यामुळे 100 किलोहर्ट्झच्या पुढे तिथे बहुतेक वेळा हानीची मर्यादा आधी येते. सतत प्रवाह वाहणाऱ्या बक इंडक्टरमध्ये फ्लक्सचा मोठा भाग स्थिर असतो आणि त्यावर लहानसा रिपल, म्हणजे चढउतार, बसलेला असतो. त्यामुळे फेराइट (लोहऑक्साइडयुक्त चुंबकीय सिरॅमिक) वापरल्यास तिथे सॅच्युरेशनची मर्यादा आधी येते आणि गाभ्यातील हानी अगदी किरकोळ राहते. आपण कोणत्या बाजूला उभे आहोत हे न ओळखता केवळ अधिक चांगल्या, अधिक महागड्या फेराइटवर पैसे खर्च केले, तर कार्यक्षमतेत तसूभरही फरक पडत नाही.

पदार्थाची निवड

100 किलोहर्ट्झसाठी मँगनीज-झिंक फेराइट हा पहिला पर्याय. एन87 हा या गटातला सर्वपरिचित ग्रेड आहे. त्याची सॅच्युरेशन फ्लक्स घनता 25 अंश सेल्सियसला सुमारे 490 मिलिटेस्ला असते. मात्र 100 अंशांना ती सुमारे 390 मिलिटेस्लापर्यंत उतरते. आखणी नेहमी या दुसऱ्या आकड्यावर करावी. टेबलावर थंड अवस्थेत निर्दोष चालणारा इंडक्टर उन्हात तापलेल्या गाडीत अचानक सॅच्युरेट होतो, त्याचे कारण बहुधा हेच असते. 100 किलोहर्ट्झ, 200 मिलिटेस्ला आणि 100 अंश या स्थितीत एन87 ची हानी डेटाशीटमध्ये सुमारे 375 मिलिवॅट प्रति घनसेंटिमीटर दिलेली असते आणि ती 100 अंशांच्या आसपास सर्वांत कमी असते. थंडीत व उन्हाळ्यात दोन्हीकडे चालणाऱ्या उपकरणासाठी 3सी95 सारखा, विस्तृत तापमानपट्ट्यात हानी जवळपास सपाट राखणारा ग्रेड विचारात घ्यावा.

सेंडस्टसारख्या पावडर गाभ्यांचा मोह इथे स्वाभाविक आहे. त्यांची सॅच्युरेशन मर्यादा सुमारे 1 टेस्ला असते, फट सगळ्या पदार्थात विखुरलेली असते आणि प्रवाह वाढल्यावर इंडक्टन्स एकदम कोसळत नाही, हळूहळू उतरतो. शॉर्टसर्किट सहन करावे लागणाऱ्या ठिकाणी हा मोठा गुण आहे. परंतु त्याच फ्लक्स झोक्याला त्यांची हानी फेराइटच्या कित्येक पट असते, म्हणून कार्यक्षमता हेच उद्दिष्ट असेल तर या उदाहरणात मी फेराइटच निवडेन.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत सुटे गाभे विकत घेताना त्यांवर ग्रेडचा छाप अनेकदा नसतो. अशा वेळी मल्टिमीटरची दोन टोके गाभ्यावर टेकवून पाहावीत: मँगनीज-झिंक फेराइटमधून सहसा किलोओहममध्ये रोध दिसतो, तर निकेल-झिंक फेराइट जवळजवळ उघड्या सर्किटसारखे वागते. एवढ्याने प्रकार कळतो, ग्रेड कळत नाही. आणि काही ठरावीक वेढे घालून इंडक्टन्स मोजला तरी पारगम्यताच (पदार्थ फ्लक्सला किती सहज वाट देतो ते) कळते, हानी नव्हे. उत्पादनात जाणाऱ्या वस्तूसाठी ग्रेड लिहून देणाऱ्या विक्रेत्याकडूनच गाभा घ्यावा.

पहिली आखणी: 30 मायक्रोहेन्री

ड्युटी, म्हणजे प्रत्येक चक्रात स्विच चालू असण्याचे प्रमाण, 12 भागिले 48, अर्थात 0.25. रिपल प्रवाह पूर्ण भाराच्या 30 टक्के, म्हणजे शिखरापासून शिखरापर्यंत 3 अँपिअर धरू. लागणारा इंडक्टन्स म्हणजे स्विच चालू असताना इंडक्टरवर येणारे 36 व्होल्ट गुणिले 0.25, आणि या गुणाकाराला 100 किलोहर्ट्झ व 3 अँपिअर यांच्या गुणाकाराने भागणे. उत्तर 30 मायक्रोहेन्री येते. शिखर प्रवाह 11.5 अँपिअर होतो. 13 सेलच्या लिथियम-आयन बॅटरीचे व्होल्टेज पूर्ण चार्ज झाल्यावर 54.6 व्होल्ट असते आणि तेव्हा रिपल किंचित वाढून 3.1 अँपिअर होतो. फरक लहान असला, तरी तपासणी नेहमी सर्वांत जास्त इनपुट व्होल्टेजवर करण्याची सवय ठेवावी.

गाभ्याचा आकार ठरवण्यासाठी क्षेत्रगुणाकार वापरतात: गाभ्याचे काटछेद क्षेत्रफळ गुणिले तार बसणाऱ्या खिडकीचे क्षेत्रफळ. इंडक्टन्स, शिखर प्रवाह आणि आरएमएस (उष्णतेच्या दृष्टीने परिणामी) प्रवाह यांच्या गुणाकाराला फ्लक्स घनतेची मर्यादा, तारेतील प्रवाह घनता आणि खिडकी भरण्याचे प्रमाण यांच्या गुणाकाराने भागले की हा आकडा मिळतो. फ्लक्सची मर्यादा 0.3 टेस्ला, प्रवाह घनता 4 अँपिअर प्रति चौरस मिमी आणि भरणा 0.3 धरल्यास उत्तर सुमारे 0.96 सेंमीचा चौथा घात असे येते. ईटीडी34 या गाभ्याचे काटछेद क्षेत्रफळ 97 चौरस मिमी आणि बॉबिनची खिडकी सुमारे 122 चौरस मिमी असल्याने त्याचा क्षेत्रगुणाकार 1.18 होतो, म्हणजे तो पुरतो. ईटीडी मालिकेतल्या गाभ्याचे E आकाराचे, तीन पायांचे दोन अर्धे भाग असतात आणि त्यांचा मधला पाय गोल असतो. त्यामुळे त्याच क्षेत्रफळाच्या चौकोनी पायापेक्षा प्रत्येक वेढ्याला तार कमी लागते आणि तांब्यातील हानी तितकी घटते.

वेढ्यांची संख्या म्हणजे इंडक्टन्स गुणिले शिखर प्रवाह, भागिले फ्लक्स मर्यादा व काटछेद क्षेत्रफळ यांचा गुणाकार. उत्तर 11.86 येते, म्हणून 12 वेढे. शिखर फ्लक्स घनता 0.296 टेस्ला होते. मात्र खरी तपासणी कंट्रोलरच्या प्रवाहमर्यादेवर करायची असते, पूर्ण भारावर नव्हे. मर्यादा 14 अँपिअरला लावली असेल, तर फ्लक्स 0.36 टेस्लापर्यंत जाईल; 0.39 च्या आत असला तरी इथे फारशी सवड उरत नाही.

हवेची फट

फट का लागते हे एका आकड्यावरून स्पष्ट होते. ईटीडी34 च्या दोन अर्ध्या भागांमध्ये काहीही फट न ठेवता 12 वेढे घातले, तर इंडक्टन्स सुमारे 375 मायक्रोहेन्री येईल. पण अवघ्या 1 अँपिअरच्या आसपास गाभा सॅच्युरेट होईल. फेराइटमध्ये ऊर्जा साठवता येत नाही म्हटले तरी चालेल. या इंडक्टरमधील नव्वद टक्क्यांहून अधिक ऊर्जा फटीतल्या हवेत साठते आणि फेराइटचे काम फ्लक्सला त्या फटीपर्यंत वाट करून देणे एवढेच असते.

साध्या सूत्राने, म्हणजे वेढ्यांचा वर्ग गुणिले क्षेत्रफळ गुणिले हवेची पारगम्यता, भागिले इंडक्टन्स, अशी फट 0.58 मिमी येते. गाभ्याच्या स्वतःच्या चुंबकीय वाटेचा वाटा सुमारे 0.05 मिमी इतका असल्याने तो वजा होतो. दुसरीकडे, फटीच्या कडांवर फ्लक्स बाहेर फुगतो, त्यामुळे फटीचे परिणामी क्षेत्रफळ वाढते आणि हवा तेवढाच इंडक्टन्स मिळण्यासाठी फट मोठी करावी लागते. ही दुरुस्ती लावल्यावर आकडा सुमारे 0.7 मिमी होतो. बरेच जण ही दुरुस्ती सोडून देतात आणि मग इंडक्टन्स जास्त का आला म्हणून वेढे कमी करतात. असे केल्याने इंडक्टन्स जुळतो, पण फ्लक्स घनता वाढते आणि सॅच्युरेशनची सवड निमूटपणे संपते. इंडक्टन्स जास्त आला, तर फट वाढवावी, वेढ्यांना हात लावू नये.

फट मधल्या पायात घासून केलेली असणे सर्वांत चांगले. नमुना बनवताना मायलरची (प्लास्टिकची) पातळ पट्टी तिन्ही पायांमध्ये घातली तरी चालते, पण मग प्रत्येक ठिकाणी निम्मी जाडी धरावी, कारण फ्लक्सला मधली फट आणि बाहेरची फट अशा दोन्ही ओलांडाव्या लागतात. बाहेरच्या पायांतील फटीमुळे क्षेत्र इंडक्टरच्या बाहेर पसरते, शेजारच्या तांब्यात भोवरा प्रवाह निर्माण होतात आणि विद्युतचुंबकीय व्यत्ययही वाढतो. त्यामुळे हा उपाय टेबलापुरताच ठेवावा.

हानीचा हिशेब

3 अँपिअर रिपलमुळे फ्लक्सचा झोका शिखरापासून शिखरापर्यंत 77 मिलिटेस्ला, म्हणजे आयाम 39 मिलिटेस्ला होतो. गाभ्यातील हानी स्टाइनमेट्झच्या नियमाने फ्लक्सच्या सुमारे अडीचाव्या घाताने बदलते. त्यामुळे फ्लक्स दुप्पट केल्यास हानी साडेपाच पटींहून अधिक होते आणि निम्मा केल्यास तितकीच उतरते. 200 मिलिटेस्लाच्या 375 मिलिवॅटवरून 39 मिलिटेस्लाला हा आकडा प्रति घनसेंमी 6 मिलिवॅटच्या आसपास येतो. ईटीडी34 चे आकारमान सुमारे 7.6 घनसेंमी आहे, म्हणून गाभ्यातील हानी 0.05 वॅट. डेटाशीटचे आकडे साइन तरंगासाठी असतात. आपला तरंग त्रिकोणी असून ड्युटी 0.25 आहे आणि वर स्थिर प्रवाहाचा भारही आहे. या सगळ्यांच्या एकत्रित परिणामाने खरी हानी अधिक निघते, म्हणून अंदाज दुप्पट धरणे शहाणपणाचे.

तांब्याकडे वळू. एका वेढ्याची सरासरी लांबी 60.5 मिमी, म्हणजे 12 वेढ्यांना 0.73 मीटर तार. तारेचे क्षेत्रफळ 2.5 चौरस मिमी घेतल्यास रोध 5 मिलिओहम, आणि 100 अंशांना 6.5 मिलिओहम. 10 अँपिअरला हानी 0.65 वॅट होते. म्हणजे गाभ्यात 0.05 आणि तांब्यात 0.65. हे दोन आकडे शेजारी ठेवले की आखणी कुठे लंगडी आहे ते दिसते: गाभा जवळजवळ रिकामा बसला आहे आणि तांबे घाम गाळते आहे. इथे अधिक चांगला ग्रेड आणून 0.05 चे 0.04 करण्यात काहीच हशील नाही. वेढे कमी करायला हवेत. पण सॅच्युरेशन वाट अडवून उभे आहे.

दुसरी आखणी: रिपल वाढवून

यातून सुटायचे तर रिपल सैल करावा. 30 टक्क्यांऐवजी 50 टक्के, म्हणजे 5 अँपिअर रिपल चालवून घेतला, तर इंडक्टन्स 18 मायक्रोहेन्री पुरतो. शिखर प्रवाह 12.5 अँपिअर होतो, तरीही वेढे 8 च लागतात आणि शिखर फ्लक्स 0.29 टेस्ला राहतो. 14 अँपिअरच्या प्रवाहमर्यादेवर तो 0.325 टेस्ला, म्हणजे सवड पहिल्यापेक्षा जास्त मिळाली. फट सुमारे 0.5 मिमी.

फ्लक्सचा आयाम 58 मिलिटेस्ला झाल्याने गाभ्यातील हानी 0.13 वॅट होते. तांब्याचे एकूण क्षेत्रफळ तेवढेच ठेवून 8 वेढे घातले, तर प्रत्येक वेढ्याच्या वाट्याला 3.75 चौरस मिमी येतात. रोध वेढ्यांच्या वर्गाने उतरून तापलेल्या अवस्थेत 2.9 मिलिओहम होतो आणि हानी 0.29 वॅट. बेरीज 0.70 वरून 0.42 वॅटवर आली. गाभा तोच, पदार्थ तोच, तांब्याचे वजनही तेवढेच. याची किंमत आउटपुट कपॅसिटरला मोजावी लागते, कारण रिपल प्रवाह त्यांच्यातून जातो. त्यांचा आरएमएस आकडा 0.87 वरून 1.44 अँपिअर होतो. कमी अंतर्गत रोधाचे सिरॅमिक किंवा पॉलिमर कपॅसिटर वापरल्यास हे सहज पेलते.

जागा कमी असेल, तर हाच 18 मायक्रोहेन्रीचा इंडक्टर ईटीडी29 वर 10 वेढ्यांत बसतो आणि एकूण हानी 0.6 वॅटच्या घरात राहते. ईटीडी34 चा औष्णिक रोध सुमारे 20 अंश प्रति वॅट, तर ईटीडी29 चा सुमारे 28 धरतात. तेव्हा तापमानवाढ अनुक्रमे 8 आणि 17 अंशांच्या आसपास येईल. दोन्ही चालण्याजोग्या आहेत.

वारंवारता वाढवून इंडक्टर आणखी लहान करण्याचा मार्गही आहेच. तेव्हा मॉसफेटची स्विचिंग हानी वाढते, आणि 48 व्होल्टवर ती इंडक्टरमधील बचत सहज गिळून टाकते. त्यामुळे आकार ही सक्तीची अट नसल्यास 100 ते 150 किलोहर्ट्झच्या पुढे जाण्याची घाई करू नये.

तार आणि वाइंडिंग

100 किलोहर्ट्झला तांब्याची त्वचा खोली, म्हणजे बदलता प्रवाह पृष्ठभागापासून जितका आत शिरतो ते अंतर, सुमारे 0.21 मिमी असते. 3.75 चौरस मिमीची एकच जाड तार घेतली, तर रिपल प्रवाह तिच्या पृष्ठभागावरूनच वाहतो. त्याहून वाईट म्हणजे फटीतून बाहेर फुगलेले क्षेत्र त्या जाड तारेला आडवे छेदते आणि तिच्यात भोवरा प्रवाह निर्माण करते. फटीसमोरचा एखादा वेढाच इतरांपेक्षा अधिक तापलेला दिसतो तो यामुळे. म्हणून 0.2 मिमी व्यासाच्या पदरांची लिट्झ वायर घ्यावी. असे 120 पदर मिळून 3.77 चौरस मिमी होतात. एकच जाड दोर वाकवायला अवघड जातो आणि बॉबिनवर नीट बसत नाही, म्हणून 60 पदरांचे दोन दोर समांतर घेऊन 4-4 वेढ्यांचे दोन थर करावेत. प्रत्येक दोराची जाडी सुमारे 2.1 मिमी असल्याने 20.9 मिमी रुंदीच्या बॉबिनवर 8 दोर शेजारी-शेजारी आरामात बसतात.

पहिला थर घालण्यापूर्वी बॉबिनवर पॉलिएस्टर टेपचे थर देऊन सुमारे 1 मिमी जाडी भरून घ्यावी, म्हणजे तार फटीपासून किमान फटीच्या दुप्पट अंतरावर राहील. खिडकी पूर्ण भरलीच पाहिजे असा हट्ट धरू नये. फटीलगत भरलेले तांबे रोध कमी करण्याऐवजी हानी वाढवते. लिट्झची टोके जोडताना प्रत्येक पदरावरचे इनॅमल निघाले आहे याची खात्री सोल्डर पॉटमध्ये बुडवून करावी, कारण निम्मे पदर न जोडले गेल्यास सगळा हिशेब फुकट जातो.

गाभ्याचे दोन भाग जुळवताना पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावेत. फट नसलेल्या बाहेरच्या पायांमध्ये धुळीचा कण राहिला, तरी इंडक्टन्स बदलतो. गोंद जुळणाऱ्या पृष्ठभागांमध्ये न लावता बाहेरून लावावा. फेराइट ठिसूळ असते आणि दाबाखाली त्याची हानीही वाढते, म्हणून क्लिप फार घट्ट नसावी आणि पॉटिंगसाठी (भोवती ओतून बंदिस्त करण्यासाठी) कडक एपॉक्सीऐवजी मऊ सिलिकॉन वापरावे.

चाचणी

एलसीआर मीटरवर 100 किलोहर्ट्झला 18 मायक्रोहेन्री दिसले म्हणजे काम झाले असे नव्हे, कारण मीटर अगदी लहान प्रवाहावर मोजतो. सॅच्युरेशनची चाचणी घरच्या टेबलावरही करता येते. मोठ्या कपॅसिटरवर 12 व्होल्ट भरून ठेवावेत, इंडक्टर, एक मॉसफेट आणि 10 मिलिओहमचा शंट (प्रवाह मोजण्यासाठीचा छोटा रोध) मालिकेत जोडावेत, इंडक्टरवर फ्रीव्हीलिंग डायोड (पल्स संपल्यावर प्रवाहाला वाट देणारा) लावावा आणि मॉसफेटला एकच छोटा पल्स द्यावा. प्रवाह दर मायक्रोसेकंदाला 0.67 अँपिअरने चढेल आणि सुमारे 21 मायक्रोसेकंदांत 14 अँपिअरला पोहोचेल. ऑसिलोस्कोपवर शंटचे व्होल्टेज 140 मिलिव्होल्टपर्यंत सरळ रेषेत चढलेले दिसले पाहिजे. रेषा मधेच वर वळू लागली, तर ज्या प्रवाहावर वळली तिथे सॅच्युरेशन सुरू झाले. ही चाचणी इंडक्टर ओव्हनमध्ये 100 अंशांना तापवून लगेच पुन्हा करावी. वळण दिसेपर्यंत पल्स लांबवून थंड आणि तापलेल्या अवस्थेतील दोन वळणे एकाच पडद्यावर ठेवली की 490 आणि 390 मिलिटेस्लामधील फरक डोळ्यांना दिसतो.

भाराचा खरा स्वभाव

दुसरी आखणी पूर्ण भारावर सरस ठरली. मात्र दुचाकीतील 12 व्होल्टचा भार सदैव 10 अँपिअर नसतो. एलईडी दिवे आणि मीटर मिळून तो दोन-तीन अँपिअरवर तासन्‌तास राहतो आणि हॉर्न दाबल्यावर क्षणभर उसळतो. सिंक्रोनस बक (डायोडच्या जागी दुसरा मॉसफेट असलेला) भार कमी झाला तरी सतत प्रवाहाच्या अवस्थेत चालत असेल, तर गाभ्यातील हानी भारावर अवलंबून नसते, ती दिवसभर तेवढीच राहते. तांब्यातील हानी मात्र प्रवाहाच्या वर्गाने उतरते. 2 अँपिअरला पहिल्या आखणीची बेरीज 0.08 वॅटच्या आसपास येते आणि दुसरीची 0.14 वॅट. दोन्ही आखण्यांचे आलेख सुमारे पावणेपाच अँपिअरला एकमेकांना छेदतात, आणि गाभ्यातील हानी दुप्पट धरल्यास हा बिंदू सहा अँपिअरच्या पुढे सरकतो. त्याखाली 12 वेढ्यांचा इंडक्टर सरस, त्यावर 8 वेढ्यांचा.

म्हणून गाडीच्या 12 व्होल्ट पुरवठ्यासाठी मी 30 मायक्रोहेन्रीचीच आखणी ठेवेन आणि तारेचे क्षेत्रफळ खिडकी परवानगी देईल तितके वाढवेन. सतत पूर्ण भारावर चालणाऱ्या उपकरणासाठी, उदाहरणार्थ 48 व्होल्टवरून 12 व्होल्टचा पंप चालवायचा असेल, तर 18 मायक्रोहेन्रीची. प्रवाह दिवसभरात किती वेळ किती असतो, याची नोंद गाडीवर एक क्लॅम्प मीटर लावून आधी घ्यावी आणि मगच वरची आकडेमोड सुरू करावी.